एक, एक, वीस

“दीदी, तारीखच कोरलीय बघा. एक जानेवारी वीस. म्हणजे १९२० सालचा माल,” असे म्हणत हावड्याच्या भंगारवाल्याने ऐरणीच्या बाजूवर ओला फडका फिरवला आणि बोट ठेवले. गंजाच्या पापुद्र्याखाली तीन आकडे खरोखरच होते: १, १, २०. आकड्यांच्या मधोमध एकेक ठिपका. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता. आपल्या ढिगाऱ्यात इतिहास निघाला याचा आनंद आणि त्यामुळे भाव वाढेल याचा आनंद, असे दोन्ही त्यात होते.

त्या आकड्यांचा कुठल्याही नववर्षदिनाशी संबंध नाही. ते वजन आहे, जुन्या इंग्लिश मापातले. पहिला आकडा हंड्रेडवेटचा. नावात शंभर असले तरी हे माप ११२ पौंडांचे. दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. ११२ अधिक २८ अधिक २०, एकूण १६० पौंड. साडेबहात्तर किलोंच्या किंचित वर. बंगालच्या जुन्या हिशोबात दोन मणांना थोडी कमी. तारीख की वजन हा संशय आला तर एक सोपी खूण आहे: मधला आकडा कधी तीनच्या वर जात नाही, आणि शेवटचा सत्तावीसच्या. अठ्ठावीस पौंड झाले की ते मधल्या घरात सरकतात. अमेरिकी कारखानदार मात्र सरळ पौंडांचाच आकडा ठोकत, म्हणून ऐरण कुठली हे आधी कळावे लागते.

भंगारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती ७५ किलो भरली. मी म्हटले, हिच्या अंगावरच साडेबहात्तर लिहिलेय, आणि इतक्या वर्षांची झीज धरली तर त्याहूनही कमीच असणार. तो क्षणभर गप्प झाला, मग हसला. “तो साहेबांचा किलो, हा आमचा,” म्हणाला, आणि ७३ चे पैसे घेतले. वर चहा पाजला.

मी लोहार नाही. बंगालीतून मराठीत अनुवाद करते. एका कादंबरीत चारेक पाने लोहाराच्या दुकानाची होती, बंगालीत ज्याला कामारशाला म्हणतात त्याची. बंगालीतल्या ‘नेहाई’च्या जागी मी ‘ऐरण’ लिहीत गेले, आणि तिसऱ्या पानावर हात थांबला. नेहाईचा आवाज मुळात कसा होता, लेखकाने तो एका ठिकाणी खणखणीत आणि दुसऱ्या ठिकाणी बसका का म्हटला, हे मला माहीत नव्हते. शब्दाला शब्द होता. त्याखाली काही नव्हते. घरापासून दोन बस-स्टॉपवर एक कामारशाला अजून चालू होती. तिथे विचारायला गेले आणि गेले आठ महिने दर रविवारी जाते आहे. तिथल्या वृद्ध कारागिराला मी ‘काकू’ म्हणते. मराठी वाचकाने दचकू नये: बंगालीत काकू म्हणजे काका. मला स्वतःला ते जिभेवर बसायला महिना लागला.

काकूंची स्वतःची नेहाई म्हणजे जमिनीत रुतवलेल्या ओंडक्यात ठोकलेला पोलादाचा चौकोनी ठोकळा, माथा दोन तळहातांएवढा. ते तिच्यासमोर बुटक्या पाटावर बसून काम करतात. आपल्याकडचे घिसाडी असोत की राजस्थानचे गाडिया लोहार, बैलगाडीत मावेल आणि मुक्कामी जमिनीत ठोकता येईल अशीच त्यांची ऐरण. माझे गुडघे तासाभरात बोलू लागतात. म्हणून मला उभ्याने काम करता येईल अशी मोठी, शिंगवाली विलायती ऐरण हवी होती, आणि तिच्या शोधात मी हावड्याला पोचले. हावड्याला एकेकाळी पूर्वेचे शेफील्ड म्हणत. बर्न कंपनीसारखे मोठे कारखाने, रेल्वे, आणि त्यांच्या आश्रयाने गल्लोगल्ली लेथ लावून बसलेले छोटे कारखानदार. तिथल्या भंगारात काय निघेल याचा नेम नाही.

जुनी ऐरण घेताना नवखा माणूस आधी तिचे रूप पाहतो, आणि तिथेच फसतो. रंग दिलेली, कडा कोरीव, माथा आरशासारखा अशी ऐरण मी त्याच बाजारात पाहिली होती. ती बिडाची निघाली. आपण तव्यासाठी वापरतो तेच ओतीव लोखंड, कडक पण ठिसूळ. घाव घातला की ती तो गिळून टाकते आणि एक दिवस कडेचा टवका उडवते.

चांगली जुनी इंग्लिश ऐरण एकजीव नसते, हे मला पुस्तकांतून कळले होते. वूस्टरशरमधल्या डडलीचा पीटर राइट असो की शेफील्डचा माउसहोल कारखाना, पद्धत साधारण एकच. धड घडीव लोखंडाचे: नरम, चिवट, तापवून घणाखाली एकावर एक जोडलेल्या तुकड्यांचे. माथ्यावर मात्र पोलादाची पट्टी, तीही भट्टीत तापवून धडाला ठोकून एकरूप केलेली. मग सगळी ऐरण पुन्हा तापवून माथ्यावर पाण्याची जोरदार धार सोडत. कोयत्याला ‘पाणी देणे’ आपण म्हणतो तेच, दीड-दोन मणांच्या वस्तूला. शंभर-दीडशे किलोंचा लालभडक गोळा माणसांनी कसा फिरवला असेल? त्याचे उत्तर ऐरणीच्या कमरेत आणि तळाशी दिसणाऱ्या चौकोनी खळग्यांत आहे. त्यांत लांब पहारी अडकवून ती उचलत, वळवत. माझ्या ऐरणीला हे खळगे आहेत. पहिल्यांदा हात लागला तेव्हा मला ती मोडतोड वाटली होती.

बनवणाऱ्याचे नाव वाचायला दोन संध्याकाळी गेल्या. तारेच्या ब्रशने घासायचा मोह आवरला, कारण अक्षरांच्या कडा त्यानेच जातात. खडू चोळला, खोलीतला दिवा मालवून बॅटरी अगदी बाजूने धरली. तेव्हा कमानीत मांडलेल्या अक्षरांपैकी पाच उमटली, आणि त्यांखाली एका वर्तुळाचा अर्धा भाग. पीटर राइटच्या ऐरणींवर असे वर्तुळ असते आणि त्यात ‘सगळी घडीव’ अशा अर्थाचे दोन शब्द. पाच अक्षरे त्या नावाशी जुळतात. ‘इंग्लंड’ हा शब्द कुठे दिसला नाही. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, आणि त्यानंतर पुष्कळ इंग्लिश मालावर ते येऊ लागले. त्यावरून माझी ऐरण त्याआधीची ठरवायला मन फार उत्सुक होते. पण जिथे तो शब्द असता, नेमका तिथला भाग गंजाने खाल्ला आहे. नसलेल्या शब्दावरून तारीख काढणे हा हस्तलिखितांच्या अभ्यासातला जुना अपराध. तो लोखंडावरही करू नये.

ऐरण टेम्पोतून काकूंच्या दारात उतरली तेव्हा त्यांनी नाव वाचले नाही, आकडेही नाही. छोटा हातोडा घेतला आणि शिंगाच्या बाजूपासून टाचेपर्यंत बोटभर अंतराने टकटक करत गेले, डोळे मिटून. घंटेसारखा आवाज, स्वच्छ, लांबत जाणारा. टाचेच्या डाव्या कोपऱ्यावर तो अचानक बसका झाला. काकू थांबले, पुन्हा तिथेच दोनदा वाजवले. “इथे हिला काहीतरी झालेय,” एवढेच म्हणाले.

कादंबरीतल्या बसक्या आवाजाचा उलगडा मला तिथे झाला. नंतर पान उघडून क्रियापद बदलले.

आवाज म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हेही सांगायला हवे. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या फिशर ऐरणी, ज्यांच्या कुशीवर गरुड असतो, मुद्दामच बिडाच्या धडावर पोलादी माथा बसवून ओतलेल्या असत. त्या वाजतच नाहीत, आणि तरी उत्तम असतात. म्हणून दुसरी परीक्षा उसळीची. एक इंच व्यासाची बेअरिंगची गोळी २५ सेंटिमीटरवरून सोडायची आणि ती किती वर येते ते पाहायचे. माझ्या ऐरणीच्या मध्यावर गोळी वीसपर्यंत आली. जळलेल्या इमारतीतून निघालेली ऐरण दिसायला धड असते, पण आगीत तिचे पाणी उतरलेले असते. तिच्यावर गोळी मेल्यासारखी पडते. टाचेच्या त्या कोपऱ्यावर गोळी चौदालाच थांबली. टाच अधांतरी असते, खाली धड नसते, त्यामुळे तिथे उसळी थोडी कमीच. पण इतकी नाही. काकूंनी कोपऱ्यावर रॉकेल चोळले, पुसले, खडूची पूड भुरभुरवली आणि बिडी पेटवायला लांब जाऊन बसले. दहा मिनिटांनी पांढऱ्या पुडीतून केसासारखी एक ओली रेघ वर आली, चार बोटे लांब. तिथे पट्टी धडापासून सुटली होती.

मी खट्टू झाले. काकूंना ते समजेना. “कोपरा आहे. तिथे मारू नका. बाकी सगळी तुमचीच आहे की.”

नंतरचा तासभर त्यांनी ऐरण वाचली, असेच म्हणते. बनवणाऱ्याचे नाव आणि वजन मी वाचले होते; वापरणाऱ्यांचे त्यांनी वाचले. मधला माथा दोन-तीन मिलिमीटर दबलेला, म्हणजे खूप काम झालेय. पलीकडची कड गोलसर झिजलेली, अलीकडची बरीच शाबूत. शिंग जवळजवळ कोरे. घोड्याचे नाल, गाडीच्या धावा, कड्या वाकवणारा माणूस शिंगाला असे सोडत नाही. “दा, कास्ते, बोटी,” काकू म्हणाले, म्हणजे कोयते, विळे आणि आपण जिला विळी म्हणतो ती स्वयंपाकघरातली. सपाट पाती काढणाऱ्याला माथा आणि एक कड पुरते. चौकोनी भोक, ज्यात विलायती लोहार छिन्नीचा बुंधा बसवतो, मातीने भरून दगड झाले होते. ते कुणी वापरलेच नव्हते.

मग त्यांनी ऐरणीच्या कमरेवर नखाने एक रेघ दाखवली. रेघेच्या वर लोखंड गुळगुळीत, तेलकट काळे. खाली खोल, खडबडीत, देवीच्या व्रणांसारखा गंज. काकूंचा अंदाज असा की ही ऐरण कित्येक वर्षे कमरेपर्यंत जमिनीत पुरलेली होती. उभ्या माणसासाठी डडलीत घडलेली, हातभर उंचीची वस्तू कुणीतरी खड्ड्यात उतरवली, माथा आपल्या पाटासमोर हवा त्या उंचीवर आणला, शिंग आणि भोके सोडून दिली, आणि आयुष्यभर बसून तिच्यावर विळ्या घडवल्या.

हा माणूस कोण, मला कधीच कळणार नाही. रेल्वेच्या किंवा चटकलच्या लिलावातून त्याने ती घेतली की आणखी कशी, तेही नाही. पण वसाहतकाळातल्या तंत्रज्ञानाविषयी आपण लिहितो तेव्हा वस्तू तिकडून आली आणि इकडच्यांनी ती घेतली, एवढेच लिहितो. मूळ वस्तूची किती अंगे इकडच्यांनी गाडून टाकली, हे पाहायला जमिनीची रेघ शोधावी लागते.

शब्दाचा प्रवास मात्र उलट, मातीतून वर आलेला. मराठी ऐरण, गुजराती एरण, पंजाबी अहिरण या बहिणी. पालीत लोहाराच्या ऐरणीला ‘अधिकरणी’ म्हणतात. ह-कार, ग-कार गळत गळत आपल्यापर्यंत ‘ऐरण’ उरली. शाळेत विभक्ती घोकलेल्या प्रत्येकाला अधिकरण माहीत आहे: सप्तमीचा अर्थ, क्रिया जिथे घडते तो आधार. घरांची लॉटरी काढणारे आपले प्राधिकरण हेही याच कुळातले. सूचिजातकात बोधिसत्त्व लोहारकुळात जन्मतो आणि गावच्या मुख्य लोहाराच्या मुलीसाठी इतकी बारीक, इतकी बळकट सुई घडवतो की पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या ऐरणीतून ती आरपार जाते. गुरू नानकांच्या जपुजीत शेवटाकडे सोनाराच्या दुकानाचे रूपक येते, त्यात अहिरण म्हणजे बुद्धी. आणि भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मधले, १९६५ सालचे, ऐरणीला देव मानणारे गाणे कुठल्याही मराठी माणसाला आठवेल, त्याचे संगीत आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी दिले होते.

रोजच्या मराठीत आता उरला तो वर्तमानपत्री प्रश्न, जो सारखा ऐरणीवर येतो. इंग्रजी वर्तमानपत्रांतही विधेयके ऐरणीवर असतात, पण तिथे अर्थ ‘घडते आहे, लवकरच येईल’ असा. मराठीतला ऐरणीवरचा प्रश्न घडत नसतो, तापलेला असतो. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना भले भले चुकतात. मीही चुकले आहे, आणि ते छापून आले आहे.

ऐरण आणल्यावर पंधरा दिवसांनी एका कारखानदाराने मला आपणहून देऊ केले की माथा मशीनवर घासून सपाट करून देतो, नव्यासारखा, पैसेही फारसे नकोत. मी जवळजवळ होच म्हणाले होते. दबलेला माथा, केसाएवढी फट, झिजलेली कड हे सगळे मला दोष वाटत होते, आणि नवशिक्याला आपले प्रत्येक वाकडे काम हत्याराच्या माथी मारायला आवडते. काकूंना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. आकड्यासारखी वाकलेली एक सळई दिली आणि म्हणाले, सरळ करा. सपाट जागी ठोकत राहिले. सळई दर वेळी किंचित उसळून पुन्हा वाकडीच. मग त्यांनी ती ऐरणीच्या मधल्या खोलगटीवर आडवी धरली, वरून दोन हलके घाव. सळई आत थोडी जास्त दबली, परत उसळली आणि सरळ होऊन थांबली. खोलगट नसती तर हे जमले नसते. कडेचेही तसेच. धारदार काटकोनी कड तापल्या लोखंडात चीर पाडते, आणि पुढे ते तिथेच मोडते. गोलसर कडेवर खांदा काढला तर तो टिकतो. आणि सपाटीसाठी जे तीन मिलिमीटर खरवडायचे, ते जेमतेम बोटभर जाड पोलादी पट्टीतूनच जाणार, तेही दोन्ही टोकांकडून, म्हणजे सुटलेला कोपरा आणखी पातळ करून. एकदा गेलेली पट्टी परत येत नाही. कारखानदाराला फोन करून नको म्हटले. त्याला वाईट वाटले असावे.

आता ती काकूंच्या दुकानाबाहेर, छपराखाली, बाभळीच्या ओंडक्यावर उभी आहे. उंचीचे माप असे: सरळ उभे राहून हात सैल सोडायचा, मूठ वळायची, बोटांची पेरे माथ्याला टेकली पाहिजेत. ओंडका दोनदा कापावा लागला. आवाजाने शेजारच्या शिकवणीतल्या मुलांचे लक्ष उडू लागले म्हणून कमरेला जाड साखळी आवळली. घंटा बरीचशी मुकी झाली. डोळ्यांवर चष्मा. कापायचे असेल तेव्हा छिन्नी माथ्यावर नाही, तर शिंगाच्या मुळाशी असलेल्या नरम पायरीवर. भट्टी तयार होईपर्यंत थंडीत ऐरणीवर एक तापलेला तुकडा ठेवायचा, गारठलेल्या पोलादावर पहिला घाव नको.

हे नियम पाठ असूनही दुसऱ्याच रविवारी चूक झाली. दहा मिलिमीटरच्या चौकोनी सळईला टोक काढून भिंतीचा आकडा करायचा होता. पिवळसर नारिंगी सळई बाहेर काढली, चार घाव नीट पडले, पाचव्याला ती सांडशीत फिरली आणि हातोडा उघड्या माथ्यावर आदळला. तो कपाळाच्या दिशेने असा उसळला की हिची उसळी चौदा नाही, वीसच आहे हे मला गोळीपेक्षा स्पष्ट समजले. माथ्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटली. मी ती बोटाने पुसायला गेले, जसे काही ती पुसली जाणार होती. काकूंनी पाहिले आणि हातोड्याची कड कानसून गोल करून दिली.

एक गोष्ट मनातून जात नाही. भंगारवाल्याने चहा पिताना सांगितले होते की याच आकाराच्या दोन ऐरणी मागच्या महिन्यात वितळायला गेल्या. कुठल्या, विचारले तर म्हणाला, दुकाने बंद होतात दीदी, कुणी ठेवत नाही. काकूंचा मुलगा ग्रिल आणि गेट बनवतो. वेल्डिंगच्या कामाला ऐरण लागत नाही, आणि गेटमधून घर चालते. बाजारात मिळणारी कोयती छापून काढलेली, काकूंच्या निम्म्या किमतीची. माझ्यासारखी, रविवारी दोन आकडे आणि एक वाकडी खुंटी करून सोमवारी टेबलापाशी परतणारी, या धंद्याला वाचवते आहे असे मला कुणी म्हटले तर मी हसेन. ही ऐरण मला मिळाली, कारण कुणाचे तरी दुकान बंद झाले. किलोच्या भावाने मिळाली. काकू रविवारचे माझ्याकडून पैसे घेतात, आणि ते मोजून घेतात, याचे मला बरे वाटते.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा झाली. आपल्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला, इथे भाद्रपद संक्रांतीला. त्या दिवशी घाव घालायचा नाही. कलकत्त्याच्या आकाशात पतंग, दुकानात भाता बंद, हातोडे धुऊन रांगेत मांडलेले. काकूंनी आधी आपल्या ठोकळ्याला शेंदूर लावला, मग बाहेर येऊन माझ्या ऐरणीपाशी थांबले. मला वाटले ते शिंगाला किंवा नावाला लावतील. त्यांनी बोट वाकवले आणि कमरेवरच्या त्या गंजाच्या रेघेवर, जिथपर्यंत ती जमिनीत होती तिथे, डावीकडून उजवीकडे ओढले.